तीन दिवसांचं ट्रेनिंग आणि मराठीत अडकलेला एक प्रश्न

मी या ट्रेनिंगला हौसेने गेले नव्हते, मला धाडलं होतं. डिसेंबरात आमच्या शाळेत ॲन्युअल फंक्शनची धामधूम असते आणि काऊन्सेलर म्हणजे रिकामा माणूस असा सगळ्यांचा समज असल्यामुळे ड्रेसवाल्याशी भाव करण्यापासून नर्सरीच्या मुलांचे मुकुट मोजण्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात पडतं. त्यातच एक दिवस प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं आणि म्हणाल्या, गुरुवार ते शनिवार विद्यार्थी सुरक्षेचं ट्रेनिंग आहे, आपल्याकडून तुम्ही जा, आणि सर्टिफिकेट नीट आणा हं, फाइलला लावायचंय. मुद्दा काय तर फाइलला लावायचंय.

त्याचं कारणही आहे. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची केस होती, त्यात कोर्टाने देशभरच्या शाळा, कॉलेजं, कोचिंग, हॉस्टेलं सगळ्यांसाठी गाइडलाइन्स घालून दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक क्वालिफाइड काऊन्सेलर किंवा तसा माणूस हवाच, आणि सगळ्या स्टाफचं वर्षातून दोनदा तरी ट्रेनिंग झालं पाहिजे. तेव्हापासून इंदूरच्या शाळांमध्ये आम्हा लोकांना एकदम भाव आलाय, पगारात नाही, कागदावर. आमच्या शाळेत अठराशेच्या वर मुलं आहेत आणि मी एकटी. माझी खोली म्हणजे अर्धा मेडिकल रूम आणि अर्धा नाटकांच्या सामानाचा स्टोअर, मुलं रडत असतात आणि त्यांच्या मागे खुंटीला रावणाची दहा डोकी टांगलेली असतात.

तर मी गेले. नऊ वर्षांची नोकरी, सायकॉलॉजीत एमए, वर एनसीईआरटीचा गाइडन्स-काऊन्सेलिंगचा डिप्लोमा भोपाळच्या सेंटरमधून केलेला, त्यामुळे मनात थोडी मिजास होतीच की मला हे लोक नवीन काय शिकवणार.

विजय नगरकडे एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. साडेनऊला पोहे-जिलेबी, कारण इंदूरमध्ये त्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही, मग ते बारसं असो की पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं ट्रेनिंग. मी घरून आईचे कांदेपोहे खाऊन निघाले होते तरी वर जिरावन आणि शेव भुरभुरलेली बघून पुन्हा एक प्लेट घेतलीच. (आमच्या घरातलं हे जुनं भांडण आहे, आई म्हणते वाफेवरच्या पोह्यांना काय चव, आणि आम्ही दोघी बहिणी म्हणतो की आई, तू इथे पन्नास वर्षं राहून पण पुण्याचीच राहिलीस.) चाळीसेक जण होतो, बहुतेक बायका, उज्जैन, देवास, धार, महू, आणि एक ताई थेट ग्वाल्हेरहून आल्या होत्या. आडनावावरून आम्ही एकमेकींना लगेच ओळखलं, "मराठी ना तुम्ही?" "हो, तुम्ही?" आणि शेजारी बसलो ते तीन दिवस तशाच.

पहिला दिवस कायद्याचा. शिकवायला एक वकील मॅडम होत्या, इथल्याच हायकोर्टाच्या बेंचला प्रॅक्टिस करणाऱ्या. त्यांनी भाषण वगैरे काही केलं नाही, सरळ दहा प्रश्नांचा कागद वाटला. पहिलाच प्रश्न असा की सहावीतली मुलगी सांगते की व्हॅनवाला नको तिथे हात लावतो, तुमचं पहिलं काम काय? पर्याय होते प्रिन्सिपलला सांगणे, आईवडिलांना बोलावणे, शाळेची कमिटी बसवून खरं-खोटं बघणे, पोलिसांना कळवणे. आम्ही बहुतेकांनी प्रिन्सिपलवर टिक केलं. मी पण. मॅडमनी कागद गोळा केले, चाळले आणि शांतपणे म्हणाल्या, आप में से तीस लोग कानून तोड़ चुके हैं, बैठिए, अब चाय पीते हैं.

मला पॉक्सो माहीत होता हो, २०१२ चा कायदा, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला बालदिनापासून लागू झाला, हे मी स्वतः असेंब्लीत मुलांना सांगितलंय. पण कलम १९ मी कधी नीट वाचलंच नव्हतं. त्यात असं आहे की असा गुन्हा झाल्याचं ज्याला कोणाला कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, त्या माणसाने स्पेशल ज्युवेनाइल पोलीस युनिटला किंवा जवळच्या ठाण्याला कळवायचं. ज्याला कळलं त्याने म्हणजे मी. शाळेने नाही, प्रिन्सिपलने नाही, मी. मी प्रिन्सिपलला सांगितलं म्हणजे मी सुटले असं होत नाही. आणि कळवलं नाही तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबला तर एक वर्षापर्यंत. पुरावा गोळा करणं आपलं कामच नाही, ते पोलिसांचं. आणि चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही तरी कळवणाऱ्यावर काही येत नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय. हे जर मला कोणी २०१७ साली सांगितलं असतं.

२०१७ साली मी दुसऱ्या एका शाळेत होते. नाव घेत नाही. एक मुलगी होती, सहावीतच, ती माझ्याकडे आली ते पोटात दुखतं म्हणून, आठवड्यातून तीनदा पोटात दुखायचं आणि ते बरोबर सुट्टीच्या आधी. एक दिवस बोलली. व्हॅनवाले भैया तिला पुढच्या सीटवर बसवायचे आणि बाकीची मुलं उतरल्यावर काहीबाही बोलायचे, मोबाइलवर काहीतरी दाखवायचे. बोलायच्या आधी तिने विचारलं होतं, मॅम किसी को बताओगे तो नहीं? आणि मी, तेव्हाची हुशार मी, म्हटलं, नहीं बेटा, प्रॉमिस.

मग अर्थात मी सांगितलं. क्लास टीचरला सांगितलं, तिने मुलीला बोलावून पुन्हा विचारलं. मग कोऑर्डिनेटरने विचारलं. मग प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये चौथ्यांदा, तिथे ती नुसती मान हलवत होती, आणि प्रिन्सिपल मला म्हणाले, देखो अब ये खुद ही कुछ नहीं बोल रही. व्हॅनवाल्याला काढून टाकलं, म्हणजे तो दुसऱ्या शाळेच्या मुलांना न्यायला लागला असेल. पोलिसात कोणी गेलं नाही. ती मुलगी वर्ष संपल्यावर शाळा सोडून गेली आणि त्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत ती माझ्या खोलीपुढून जाताना पलीकडच्या भिंतीला चिकटून जायची. मी हे इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. त्या दिवशी लंचला ग्वाल्हेरच्या ताईंना सांगितलं. त्यांनी "अगं तुझी काय चूक" वगैरे काही म्हटलं नाही, नुसता माझ्या ताटात स्वतःचा गुलाबजाम ठेवला. आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, माझ्याकडे पण एक आहे असं. काय ते सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही.

दुपारी याच्यावरच काम झालं. मुलाला एकदाच बोलू द्यायचं. आपण प्रश्न विचारायचे ते मोजके, काय झालं, कोण, कुठे, कधी, आणि तेही तो आपणहून बोलला नाही तर आणि मदत बोलावण्यापुरतेच. "का" विचारायचंच नाही. तू का गेलीस, आधी का नाही सांगितलंस, या "का" मध्ये आरोप असतो, आपण कितीही गोड आवाजात विचारा. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे, त्याने अवयवाला जे नाव दिलं तेच, आपलं शुद्ध हिंदी घालायचं नाही, खाली तारीख, वेळ, सही. पुढचा जबाब पोलीस घेतात तेव्हा कायद्याने ते गणवेशात नसावेत, मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे यावेत, शक्यतो सबइन्स्पेक्टर किंवा वरच्या हुद्द्याची बाई असावी, आणि पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. हे माहीत असलं की आईवडिलांना समजावता येतं, कारण त्यांच्या डोळ्यापुढे ठाण्यातलं बाकडं असतं आणि त्यावर बसलेली आपली मुलगी.

आणि मग ते प्रॉमिस. मॅडमनी एक-एक जणाला उभं करून एक वाक्य बोलायला लावलं. अर्थ असा की तू जे सांगशील ते माझ्यापाशीच राहील, फक्त तुला कोणी त्रास देत असेल, किंवा तू स्वतःला काही करून घेशील असं वाटलं, किंवा दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल, तर मला आणखी कोणाची तरी मदत घ्यावी लागेल, पण कोणाला सांगतेय ते आधी तुला सांगीन. हे सुरुवातीलाच बोलायचं, मुलाने तोंड उघडायच्या आधी. ऐकायला सोपं वाटतं ना? चाळीसपैकी निम्म्या जणी मध्येच हसल्या, काही जणी "लेकिन बेटा तुम चिंता मत करो" जोडत होत्या, एकीने तर सवयीने शेवटी प्रॉमिसच केलं. देवासच्या एक बाई म्हणाल्या की असं सांगितलं तर मूल बोलणारच नाही. मॅडम म्हणाल्या, हो, एखादं आज नाही बोलणार, परवा येईल. शब्द मोडल्यावर मात्र ते येत नाही आणि त्याच्या बाकावरचं दुसरंही येत नाही. मला ती भिंतीला चिकटून जाणारी आठवली.

दुसरा दिवस, ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले. आत्महत्येचा धोका कसा ओळखायचा, कसं विचारायचं, विचारल्यावर काय करायचं. शिकवणारे सर सायकियाट्रिक सोशल वर्कर होते, बाहेरून आलेले, हळू बोलणारे. सुरुवातीला त्यांनी एकच आकडा दाखवला, एनसीआरबीचा, म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचा, २०२२ चा, देशात एका वर्षात १३,०४४ विद्यार्थी. सगळ्यात वरच्या राज्यांत महाराष्ट्र, तामिळनाडू आणि आपला मध्य प्रदेश. भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या गल्ल्या डोळ्यापुढे आल्या, गावोगावची मुलं, पीजीच्या खोल्या, खाली पोह्याचे ठेले. सरांनी स्लाइड लगेच बदलली, म्हणाले आकड्यावर जास्त वेळ बसायचं नाही, आपल्याला एक मूल दिसायला हवं.

एका स्लाइडवर आम्ही हसलो हे कबूल करते. त्यावर होतं की आत्महत्येसाठी "कमिट" हा शब्द वापरू नका. इंग्रजीत त्याला गुन्ह्याचा वास येतो म्हणे, पण आपण कुठे कमिट म्हणतो, स्लाइड कुठल्या तरी परदेशी कोर्समधून आली असणार. आपल्याकडचे शब्द वेगळे, "नाटकं करतो", "धमक्या देतो", "कमजोर निघाला", यांच्यावर स्लाइड नव्हती. सर म्हणाले, ती तुम्ही बनवा.

गुन्ह्याची भीती मात्र आपल्याकडे खरी आहे. पालक म्हणतात मॅडम लिहू नका, पोलीस केस होईल. तर मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याच्यावर खटला चालवायचा नाही, आणि जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी जी भारतीय न्याय संहिता आली तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ सारखं सरसकट कलमच नाही. हे मी वहीत चौकट करून लिहिलंय, कारण हे मला महिन्यातून एकदा तरी कोणाच्या तरी वडिलांना सांगावं लागणार.

मग सर म्हणाले की विचारल्याने मुलाच्या डोक्यात विचार शिरत नाही, हे पुन्हा पुन्हा तपासून झालेलं आहे, उलट कोणीतरी विचारलं याचं त्याला हलकं वाटतं. पण विचारायचं ते सरळ. "कुछ उल्टा-सीधा तो नहीं सोच रहे ना?" हा प्रश्न नाही, कारण त्याचं उत्तर "नहीं मॅम" असंच आपण त्याच्या तोंडात घालतो. जोड्या करा, एकजण मूल, एकजण काऊन्सेलर, आणि सरळ विचारा.

मी आणि ताई. मी हिंदीत विचारलं, क्या तुम्हें आत्महत्या के विचार आ रहे हैं? झालं, आलं, थोडं रेडिओसारखं वाटलं पण आलं. मग ताई म्हणाल्या, मराठीत करू या, माझ्याकडे पाच-सहा मुलं मराठी घरातली आहेत. हो म्हटलं. त्यांनी मान खाली घालून बसलेल्या मुलीचं सोंग घेतलं आणि मी तोंड उघडलं आणि मला येईना.

म्हणजे शब्दच नाहीत असं नाही, उलट फार आहेत. "मरावंसं वाटतं का तुला?" म्हटलं तर आमच्या घरी ते दिवसातून दहा वेळा कोणीतरी म्हणतं. आई दूध उतू गेलं की म्हणते मेले मी, मावशीला गुडघे दुखले की जीव नकोसा होतो, आजी तर प्रत्येक वाक्यात मेलं घालायची, मेलं ते रेशन, मेली ती लाइट. इतकं मरण बोलण्यात मुरलेलं असताना मुलाने "मला मरावंसं वाटतं" म्हटलं तर आपण म्हणतो, अरे असं बोलू नये, चल जेवायला. तो शब्द झिजून गेलाय. "आत्महत्या" म्हटलं तर एकदम पेपरातली बातमी, सोळा वर्षांच्या मुलाशी कोण असं बोलतं. "जिवाचं काही बरंवाईट" म्हणजे पुन्हा तेच, गोधडीखाली झाकलेलं. मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा थांबले आणि तिसऱ्यांदा माझा घसा दाटला, कारण मला कळलं की मी हे वाक्य माझ्या भाषेत आयुष्यात कधी उच्चारलेलंच नाही. शाळेत मी हिंदी किंवा इंग्रजी बोलते, ती माझी नोकरीची भाषा, त्यात मी काहीही विचारू शकते. मराठी म्हणजे घर, आणि घरात हे विचारत नाहीत.

सर आमच्या खुर्च्यांपाशी येऊन उभे होते, त्यांना मराठी येत नव्हती. ते म्हणाले, शब्द मेरी समझ में नहीं आए, पर आप कहाँ डरीं वो समझ में आ गया.

दुपारी पुढचं शिकलो, हो म्हटल्यावर काय. मुलाला एकटं सोडायचं नाही, बाथरूमपर्यंत पण नाही. विचार आहे का, कसं करायचं ते ठरवलंय का, कधी, पूर्वी कधी केलंय का, हे एकेक पायरी उतरत विचारायचं. मग त्याच्याबरोबर बसून सेफ्टी प्लॅन लिहायचा, त्याच्या अक्षरात, विचार यायला लागले की आधी काय होतं, तेव्हा स्वतःला सावरायला तो काय करू शकतो, कुठल्या जागी किंवा कोणाबरोबर मन दुसरीकडे लागतं, कोणत्या मोठ्या माणसाला सांगता येईल, कोणत्या डॉक्टरला किंवा कोणत्या नंबरवर, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कोण दूर करेल. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ त्यात लिहायचाच, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट. आणि मुलांच्या कुठल्याही त्रासासाठी चाइल्डलाइनचा १०९८.

इथे मला दुसरा झटका बसला. माझ्या कपाटात एक फाइल आहे, त्यात मी मुलांकडून लिहून घेतलेले कागद आहेत, "मैं वचन देता हूँ कि मैं ऐसा कोई कदम नहीं उठाऊँगा", खाली मुलाची सही, माझी सही. मला ते फार चांगलं काम वाटायचं, प्रिन्सिपल मॅडमनासुद्धा फार आवडायचं. सरांनी विचारलं, असे कागद कोण-कोण घेतं? बरेच हात वर झाले. म्हणाले, असल्या वचनाने धोका कमी होतो याला काही आधार मिळालेला नाही, मूल फक्त पुढच्या वेळी तुमच्याकडे यायला लाजतं कारण त्याने सही केलीय. फिर ये कागज़ किसके लिए है? कोणी बोललं नाही. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं, चौकशी झाली तर शाळेला दाखवायला.

त्या संध्याकाळी ताईंना सराफा दाखवायला नेलं. थंडी चांगली होती आणि गराडूचे, म्हणजे तळलेल्या कंदाचे दिवस, इंदूरला डिसेंबरात येऊन गराडू न खाता परत जाणं म्हणजे पाप आहे. सोन्याची दुकानं बंद झाली आणि ठेले लागले, आम्ही दोघी द्रोण हातात धरून एका बंद शटरपाशी उभ्या आणि विषय तोच. ताई म्हणाल्या, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" असं बघ. मी मोठ्याने बोलून पाहिलं. "द्यायचा" मध्ये काहीतरी त्याग-बलिदान आल्यासारखं वाटलं मला. मग "स्वतःला संपवायचं", हे बरं वाटलं, पण ताई म्हणाल्या संपवायचं म्हणजे सिरियलमधल्या व्हिलनसारखं. मग मी म्हटलं, "स्वतःचा जीव घ्यावा असा विचार तुझ्या मनात येतो का?" आणि हे मी जरा जोरातच बोलले असणार, कारण गराडूवाल्याने झारा थांबवून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, दीदी सब ठीक है? हो म्हटलं भिया, सब ठीक है, थोड़ा नींबू और डालो. ताई इतक्या हसल्या की ठसका लागला त्यांना.

पण ते वाक्य राहिलं. आधी एक छोटं वाक्य जोडायचं असं ताईंनी सुचवलं, की एवढा त्रास होत असला की कधीकधी माणसाच्या मनात तसे विचार येतात, तुझ्या येतात का. आणि मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड, आपल्याला लगेच "नाही ना रे?" जोडायची खाज असते.

तिसऱ्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सकाळी ऑनलाइन सुरक्षा, त्यातली एक गोष्ट मात्र प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावायला हवी. मुलांचे तसले फोटो कोणी पसरवले तर टीचर लोक काय करतात, स्क्रीनशॉट काढतात आणि स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, "देखिए आजकल क्या चल रहा है". अहो, अल्पवयीन मुलाचा तो फोटो आपल्या फोनमध्ये ठेवणं, पुढे पाठवणं हेच पॉक्सोखाली अंगाशी येऊ शकतं, सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर स्पष्ट सांगितलंय. फोन मुलाच्या हातून काढून स्वतः तपासत बसायचं नाही, पोलिसांना आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर कळवायचं. हॉलमध्ये दोन-तीन जणींनी गुपचूप आपापले फोन उघडले, मी पाहिलं.

दुपारी "स्वतःची काळजी" नावाचं सेशन झालं, डोळे मिटा, श्वास घ्या, समुद्रकिनाऱ्याची कल्पना करा. जेवणात दाल-बाफले होते, समुद्रकिनारा तर सोडाच, अर्ध्या लोकांना झोप लागली. मला त्या सेशनचा राग आला खरं सांगायचं तर. अठराशे मुलांमागे एक माणूस ठेवायचा आणि त्याला श्वास घ्यायला शिकवायचं. मला श्वास येतो, मला दुसरी काऊन्सेलर पाहिजे, आणि रावणाशिवायची खोली. हे मी फीडबॅक फॉर्मवर लिहिलं, तिथे दीड ओळीची जागा होती.

सर्टिफिकेट मिळालं, त्यावर माझं आडनाव चुकलंय, "कर" चं "कार" करून टाकलं. प्रिन्सिपल मॅडमनी तसंच फाइलला लावलं. मी मात्र मागे लागून पंधरा मिनिटं मागून घेतली आणि सोमवारच्या स्टाफ मीटिंगमध्ये कलम १९ वाचून दाखवलं, "कोणीही म्हणजे तुम्ही" हे दोनदा म्हटलं. पीटीच्या सरांनी विचारलं, मतलब बस के कंडक्टर को भी? हो, कंडक्टरला पण. मग थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग ॲन्युअल फंक्शनच्या स्टेजचा विषय निघाला.

वचनाची फाइल कपाटातून काढली. फाडता तर येत नाही, रेकॉर्ड आहे. पण त्यातली जी मुलं अजून शाळेत आहेत त्यांची यादी केली, अकरा निघाली, आणि एकेकाला बोलावतेय, सबस्टिट्यूशनच्या पिरियडमधून वेळ चोरून. पहिलं वाक्य तेच, काय माझ्यापाशी राहील आणि काय नाही. एक मुलगा ते ऐकून उठून गेला, ठीक है मॅम, कुछ नहीं है. दोन दिवसांनी डबा खायच्या सुट्टीत स्वतः येऊन बसला.

त्यांच्यातलं एक मूल मराठी घरातलं आहे. मुलगा की मुलगी, कितवीत, काय झालं, यातलं काही सांगणार नाही. एवढंच सांगते की मी तो प्रश्न मराठीत विचारला, सराफ्यात घोटलेला, आणि पुढे "नाही ना" न जोडता गप्प बसले. घड्याळाचा आवाज येत होता. मग उत्तर आलं, हिंदीत आलं, पण खरं आलं. तेवढ्यात दार वाजलं, नर्सरीच्या टीचर, मुकुटांचा खोका हवा होता. मी दार न उघडताच म्हटलं, आज नाही मिळणार, आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.